सुप्यात कर्जाची खतं जाळली, महाडला ग्रंथ जाळला: बंड कुठे थांबतं आणि क्रांती कुठे सुरू होते?

माळावरची शाळा यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. आमच्या वाचनालयातल्या गटात या वेळी १८७५ चा दख्खनमधला शेतकऱ्यांचा उठाव चर्चेला घेतला होता. बोलणं इतकं रंगलं की वाचनालय बंद करायची वेळ टळून गेली, पण मुद्दा काही सुटला नाही. म्हणून इथे मांडते.

घटना बहुतेकांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगते. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी जमले. सावकारांच्या आणि दुकानदारांच्या दारांत गेले, हिशेबाच्या चोपड्या आणि कर्जाची खतं, म्हणजे लेखी करार, मागितली आणि हाती लागली ती जाळली. धान्याची दुकानं लुटली, काही घरांना आगही लावली. तिथून ते लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत पोचलं. जीव घेण्यावर भर नव्हता, खतं मुकाट्याने दिली की जमाव बहुधा पुढे सरकत असे.

आता आमचा वाद. गटातले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, हे बंड होतं आणि बंडासारखंच विझलं. इंग्रज गेले नाहीत, सावकारी गेली नाही. एका तरुण कार्यकर्त्याने लगेच सांगितलं की १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा त्या आगीमुळेच आला, अर्जविनंत्यांनी आला नाही. तिसऱ्या बाईंचं म्हणणं असं की खरी क्रांती त्याआधी दोन वर्षं पुण्यात सुरू झाली होती. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला, त्याच वर्षी ‘गुलामगिरी’ छापून आली. मूळ दुखणं कुठे आहे ते फुल्यांनी दाखवलं, सुप्यात फक्त राग बाहेर पडला.

तिघांचंही ऐकताना मान डोलावी असं होतं आणि तिघांचंही अपुरं वाटतं. बंड, क्रांती आणि चिकित्सा यांचा एकमेकांशी नेमका काय संबंध आहे? आधी कुणीतरी विचार करतं आणि मग लोक उठतात, असा क्रम असतो का? की लोक आधी उठतात आणि त्यांच्या उठण्याचा अर्थ मागाहून कुणीतरी लावतं? पुढच्या बैठकीत मला यावर बोलायचं आहे. पाठ्यपुस्तकी व्याख्या नकोत, त्या माझ्याकडे आहेत.

---

दिवाणी वकील

मॅडम, मी कागदाच्या बाजूने उत्तर देतो. तालुका कोर्टात दिवाणी दावे चालवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे ‘शेतकऱ्यांनी खतं जाळली’ हे वाक्य वाचलं की मला आधी ते खत दिसतं.

ते काय होतं ते बघा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्यावर दावा करायला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू कर्जदाराच्या भल्याचा होता, व्याज अनंतकाळ साचत राहू नये म्हणून. घडलं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार शेतकऱ्याला बोलावून नवं खत लिहून घ्यायचा, आणि थकलेलं व्याज त्या नव्या खतात मुद्दल होऊन बसायचं. शंभर रुपये घेतलेला माणूस तीन वर्षांनी कागदावर दीडशे ‘घेतलेला’ असायचा, आणखी तीन वर्षांनी त्या दीडशेवर व्याज. मधल्या काळात त्याने भरलेल्या पैशाची पावती नसायची. लिहिणारा सावकाराचा, साक्षीदार सावकाराचे, आणि शेतकऱ्याची सही म्हणजे नांगराची निशाणी. जुन्या दस्तांवर ती निशाणी मी पाहिली आहे. शाईच्या दोन-तीन रेघांत काढलेला छोटासा नांगर. ज्या अवजाराने जमीन कसली त्याचंच चित्र जमीन घालवणाऱ्या कागदावर.

मग तो कागद कोर्टात जाई. समन्स निघे, शेतकरी घाबरून किंवा भाड्याचे पैसे नाहीत म्हणून हजर राहत नसे. एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, त्याच्या वसुलीसाठी दरखास्त, दरखास्तीत जप्ती किंवा दिवाणी तुरुंग. न्यायाधीशाने कुठलाही अन्याय केलेला नसे. त्याच्यासमोर खत होतं, निशाणी होती, प्रतिवादी गैरहजर होता.

म्हणून सुप्यात लोकांनी चोपडी मागितली याला मी फार महत्त्व देतो. नुसता राग असता तर तो माणसावर निघाला असता, नुसती भूक असती तर धान्यावर थांबला असता. त्यांना कळलेलं होतं की आपल्यावरची सत्ता सावकाराच्या अंगात नाही, त्याच्या पेटीतल्या कागदात आहे आणि त्या कागदामागे कोर्ट उभं आहे. ही चिकित्साच आहे. लिहितावाचता न येणाऱ्या माणसांनी केलेली, आणि अगदी नेमकी. तुमच्या गटातल्या बाई म्हणतात तसा सुप्यात ‘फक्त राग’ नव्हता.

आणि ते एका रात्रीत सुचलेलंही नाही. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एका सावकाराने तिथल्या देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळवला, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हावी हजामत करीना, परीट कपडे धुईना, पाणी भरणारा पाणी भरीना. शेजारच्या गावांनी तेच उचललं. आग त्यानंतरची आहे. म्हणजे आधी सहकार्य काढून घेऊन पाहिलं, मग कागद जाळले.

पण त्यांची नजर एका जागी थांबली, आणि तिथे माझ्या मते बंडाची हद्द लागते. शेतकरी सावकाराच्या दारात गेला तोच मुळी सरकारी सारा भरायला. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ला सुरू झालं, विलायतेच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, इकडे दख्खनमध्ये कापसाला कधी नव्हे तो भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, उधारी बंद झाली. नेमक्या त्याच सुमारास जुन्या जमीन पाहणीची तीस वर्षांची मुदत संपून साऱ्याची नवी आकारणी आली, इंदापुरापासून सुरुवात झाली, आणि सारा कुठे दीडपट तर कुठे दुप्पट झाला. एकीकडे कर्ज मिळेना, दुसरीकडे सारा वाढलेला. यात सावकार मधला माणूस होता. लोभी होता, खोटे हिशेब लिहिणारा होता, तरी मधलाच. त्याची चोपडी जळली. आकारणीची बुकं कचेरीत शाबूत राहिली.

सरकारने नेमलेल्या आयोगाने काय केलं तेही बघा. आकारणी हे उठावाचं कारण आहे का, हे खास तपासायला आयोगाला सांगितलं होतं. साक्षी झाल्या, दरांचे तक्ते झाले आणि १८७८ मध्ये विलायतच्या पार्लमेंटपुढे अहवाल गेला, त्याचा निष्कर्ष असा की सरकारची मागणी जबाबदार नाही, दोष सावकारांचा. लोकांची नजर जिथे थांबली होती तिथेच सरकारने आपली भिंत बांधून घेतली.

१८७९ च्या कायद्याबद्दल तुमच्या तरुण कार्यकर्त्याचं बरोबर आहे, तो आगीतूनच आला. त्याने कर्जासाठी शेतकऱ्याला अटक करणं बंद केलं, हप्ते बांधून देण्याची सोय केली, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे कोर्टाला खताच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशेब तपासायचा अधिकार दिला. वकील म्हणून सांगतो, ही फार मोठी गोष्ट आहे. कागदावर लिहिलंय ते खरं, हा दिवाणी न्यायाचा कणा, तो इथे शेतकऱ्यापुरता वाकवला गेला. सुप्याच्या जमावाने जे आगीने सांगितलं ते कायद्याने आपल्या भाषेत कबूल केलं.

पण सावकार थांबला नाही. गहाणखताची चिकित्सा होणार म्हटल्यावर त्याने गहाण लिहून घेणं कमी केलं आणि सरळ खरेदीखत मागायला सुरुवात केली. तोंडी ठरायचं की पैसे फेडलेस की जमीन परत. कागदावर मात्र विक्री. पुढे कायद्यात त्यासाठी दुरुस्ती करावी लागली.

हे जुनं झालं असं कुणाला वाटत असेल तर माझ्याकडे आलेल्या एका म्हाताऱ्या पक्षकाराचं सांगतो. मुलीच्या लग्नासाठी पैसे घेतले, सब-रजिस्ट्रारपुढे अंगठा दिला, घरी येऊन सांगितलं की जमीन गहाण ठेवली. पैसे बरेचसे फेडले. नंतर सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव दिसलं तेव्हा माझ्याकडे आले. पिशवीतून कागद काढला, तो होता खरेदीखत. मी वाचून दाखवलं, तरी ते तीनतीनदा विचारत राहिले, “पण आमचं तर गहाणाचं ठरलं होतं ना साहेब?” २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात अशा व्यवहारांची चौकशी करून जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकाला दिला आहे. त्या कलमाखाली अर्ज लिहिताना मला सुपेच आठवत होतं. १८७९ मध्ये कोर्टाला जे करायला सांगितलं तेच २०१४ मध्ये पुन्हा सांगावं लागतं, याचा अर्थ मधल्या काळात कागद लिहिणारा हात बदललेला नाही.

म्हणून माझं मत असं: सुप्याचं बंड फसलेलं नाही, आणि ती क्रांतीही नाही. त्याने एक कागद खोटा ठरवला. ज्या व्यवस्थेतून रोज नवा कागद तयार होतो तिच्यापर्यंत त्याचा हात पोचला नाही. तिथवर जाण्यासाठी सारा, कचेरी, कोर्ट, शिक्षण आणि जात हे सगळं एका धाग्यात ओवून बघावं लागतं, आणि ते काम फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून केलं. त्यात सावकार आहेच, पण त्याच्या शेजारी कचेरीतला कारकून आहे, गायरान बळकावणारं जंगल खातं आहे, लष्करातल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या माणसांकडून बांध घालून घ्या आणि पाणी जिरवा अशी सूचनाही आहे. सुप्याच्या माणसाला जे एकेकटं दिसत होतं ते तिथे एकत्र आलं. आग आधी, असूड नंतर. क्रमाबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

---

पाटपाणी

वकीलसाहेब, चांगलं लिहिलंत, पण शेवटी तुम्हीही लेखणीलाच वरचा पाट दिलात.

मी पाणी आणि जमिनीच्या आंदोलनांत वावरलेला माणूस आहे. एक विचारतो. १८७० पासून पुण्यात सार्वजनिक सभा होती. शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करत होती, सरकारला निवेदनं देत होती, आकारणी जाचक आहे हेही सांगत होती. म्हणजे तुम्ही म्हणता ती पुढची चिकित्सा आकड्यांसकट हजर होती. तिने किती खतं रद्द झाली? सुपं पेटल्यावर आयोग बसला. ज्यांना मूळ कारण माहीत होतं त्यांच्याकडे माणसं नव्हती, आणि ज्यांनी माणसं गोळा केली त्यांना तुम्ही सांगता की तुमची नजर आखूड होती.

करड्याच्या न्हाव्याला, परटाला आकारणी वाढलीय हे माहीत नव्हतं असं तुम्हाला खरंच वाटतं? सारा तेच भरत होते किंवा भरणाऱ्यांच्या बलुत्यावर जगत होते. त्यांना माहीत होतं की कचेरीवर गेलो तर गोळ्या खाव्या लागतील आणि सावकाराच्या दुकानावर गेलो तर निदान कागद तरी हाती लागेल. आवाक्यातलं काय आहे ते बघून माणूस हात घालतो. त्याला अज्ञान म्हणू नका.

---

कोकणवाट

पाटपाणीदादा, तुमचा आवाक्याचा मुद्दा मला पूर्ण पटतो. तरी सुप्याच्या गोष्टीत एक काटा आहे आणि तो कुणी काढलेला नाही. पुष्कळ ठिकाणी रोख मारवाडी आणि गुजराती सावकारांवर होता. त्याच गावात सावकारी करणारे स्थानिक ब्राह्मण सावकार बऱ्याचदा वाचले. खत दोघांकडचं सारखंच होतं, व्याज दोघांचं सारखंच चढत होतं. मग एकाची चोपडी जळते आणि दुसऱ्याची राहते, ते कशामुळे? परका दिसतो त्याच्यावर हात उचलणं सोपं असतं, आणि आपल्यातल्याची सत्ता धर्माच्या, रीतीच्या पांघरुणाखाली असते म्हणून ती सत्ता वाटतच नाही. हा आवाक्याचा प्रश्न नव्हता. ब्राह्मण सावकार मारवाड्यापेक्षा लांब राहत नव्हता. इथे चिकित्सा हवी होती आणि ती फुल्यांकडे होती. बंडाला स्वतःची अशी झडती घेता आली नाही तर ते कुणाही परक्याच्या मागे लागू शकतं. हे आपण आजही बघतो, आणि मला त्याची फार भीती वाटते.

मॅडम, तुम्ही शीर्षकात महाडचं नाव घेतलंत पण प्रश्नात तो धागा सोडून दिलात. माझं माहेर त्याच भागातलं, म्हणून तो मी पुढे नेते.

महाडला सुरुवात कशाने झाली? एका ठरावाने. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात समाजसुधारक सी. के. बोल्यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर सगळं मिळालं होतं. पाणी मात्र कुणी पीत नव्हतं. इथे वकीलसाहेबांच्या सुप्याच्या बरोबर उलटी स्थिती आहे. सुप्यात कागद अन्यायाचा होता आणि तो लगेच लागू होत होता. महाडला कागद न्यायाचा होता आणि तो लागूच होत नव्हता.

२० मार्च १९२७ ला महाडात भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेतली माणसं मिरवणुकीने तळ्यावर गेली आणि बाबासाहेबांनी पाणी घेतलं. त्यांच्यामागे सगळ्यांनी घेतलं. कुणाचं काही मोडलं नाही, जाळलं नाही, असलेला हक्क वापरला एवढंच. तरी त्यानंतर मंडपात आणि रस्त्यात गाठून लोकांना मारहाण झाली, कारण आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवली गेली. मग तळ्याचं शुद्धीकरण झालं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. बंडाला सामोरं जाताना सत्ता आपलाच कायदा कसा गिळते, हे शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

डिसेंबरात दुसरी परिषद भरली. जागा कुणी देईना, ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने दिली. तळ्यावर जायला कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आलेला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण. आता ही आग आणि सुप्याची आग शेजारी ठेवून बघा. सुप्यात खत जळलं की पुरावाच संपत होता, प्रत एकच होती. मनुस्मृतीची एक प्रत जाळून काहीच संपणार नव्हतं, बाजारात हव्या तितक्या प्रती होत्या. ती आग समोरच्या सावकाराला उद्देशून नव्हती, ती स्वतःच्या माणसांना उद्देशून होती: ज्या नियमाने तुम्ही स्वतःला अपवित्र मानत आलात तो आम्ही मानत नाही, तुम्हीही मानू नका. माझ्या लेखी चिकित्सा आणि बंड इथे एकच कृती झाली. आधी कोण आणि नंतर कोण, हा प्रश्न तिथे लागूच पडत नाही.

त्या परिषदेत बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेची आठवण दिली. आम्ही फक्त पाण्यासाठी आलो नाही, समतेचा पाया घालायला आलो आहोत, हा त्यांच्या भाषणाचा आशय. तळ्याचं पाणी प्यायलो नाही म्हणून आजवर मेलो नव्हतो, प्यायल्याने अमर होणार नाही, हेही त्यांनी तितक्याच मोकळेपणी सांगितलं. मागणी पाण्याची आणि दावा माणूसपणाचा. आणि एवढं बोलून झाल्यावर, हजारो लोक सत्याग्रहाच्या तयारीने आलेले असताना, मनाई हुकूम मोडायचा नाही असं ठरलं. ज्यांना क्रांती म्हणजे मागचापुढचा विचार न करता उडी असं वाटतं त्यांना हे कळत नाही. तळ्याचा दावा पुढे दहा वर्षं चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने तळं सगळ्यांचं असल्याचा निकाल दिला.

पण माझ्या मनात जी गोष्ट घर करून आहे ती निकालाची नाही. त्याच परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. लुगडं कसं नेसायचं, चांदीचे आणि कथलाचे जड दागिने का टाकायचे, यावर बोलले. गुडघ्याच्या वर लुगडं, हातभर गोठ-पाटल्या, ही जातीची ओळख होती, रस्त्याने चालताना लांबून कळावी अशी. दुसऱ्या दिवशी बायका घोट्यापर्यंत लुगडं नेसून आल्या. कुठल्याही कौन्सिलला हा ठराव करता आला नसता आणि कुठल्याही नगरपालिकेला तो मागे घेता आला नसता. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका पोटऱ्या झाकणारी नेस फार अभिमानाने नेसायच्या, निऱ्या ओढून ओढून खाली करायच्या. क्रांतीचा सामाजिक अर्थ काय, असं कुणी विचारलं की मी राजवाडे आणि तुरुंग पडल्याचं सांगत नाही, या निऱ्या सांगते.

---

माळावरची शाळा

कोकणवाट ताई, वकीलसाहेब, पाटपाणी सर, तिघांचेही मनापासून आभार. मी हे वर्गातही नेणार आहे.

एक अडचण मात्र आता जास्त टोचते. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितलं की घटनात्मक मार्ग उघडे असताना रक्तरंजित मार्ग तर सोडाच, असहकार आणि सत्याग्रहही बाजूला ठेवले पाहिजेत. महाडचा सत्याग्रह करणारेच हे म्हणतात. आमच्या गटातले गृहस्थ हेच वाक्य पुढे करून म्हणतात की आता बंडाला अर्थ उरला नाही, टीका करायची ती मतपेटीतून आणि वर्तमानपत्रातून करा. त्यांना काय सांगू?

---

पाटपाणी

त्यांना त्याच भाषणाचा पुढचा भाग वाचायला द्या. २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर ज्यांना ती सोसावी लागते ते लोक ही लोकशाहीची इमारतच उडवून देतील, असं त्यांनी त्याच दिवशी बजावलं. पहिलं वाक्य लोकांना उद्देशून आहे, दुसरं राज्यकर्त्यांना. आपल्याकडे पहिलं भिंतीवर लावतात.

आणि ‘मार्ग उघडे असताना’ ही अट आहे. वकीलसाहेबांच्या त्या म्हाताऱ्या पक्षकारासाठी मार्ग उघडा होता की नाही, ते तेच सांगतील.

---

दिवाणी वकील

उघडा होता, पण अरुंद. अर्ज करायला कायदा होता. तो कायदा आहे हे गावात कुणाला माहीत नव्हतं, आणि सावकाराविरुद्ध साक्ष द्यायला शेजारी तयार होईनात, कारण त्यांचेही पैसे त्याच्याकडेच अडकलेले. मी दोन वेळा त्या गावात जाऊन बसलो. दुसऱ्या वेळी चौघं बोलायला तयार झाले, तेही एकदम आले म्हणून. एकट्याने कुणीच आलं नसतं. अर्ज मी लिहिला, पण अर्जाला वजन आलं ते त्या चौघांमुळे. पाटपाणी, तुमचं म्हणणं मी इथे मान्य करतो: चिकित्सेला माणसं लागतात.

कोकणवाट ताईंनी झडतीचा जो मुद्दा काढला त्यात एक भर घालतो, कारण चळवळीला स्वतःच्या आतही टीकाकार लागतो. १८८२ मध्ये ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. वडील सत्यशोधक समाजातले, तरी पुस्तकाने पुरुषमात्राला धारेवर धरलं होतं, त्यातून कुठलीच जात सुटत नव्हती. सत्यशोधक मंडळींतूनही त्यांच्यावर टीका झाली. फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’ या प्रकाशनातून ताराबाईंची बाजू घेतली. स्वतःच्या माणसांना दुखावून घेतली. आपण उभारलेल्या बंडाकडे आपणच नियम म्हणून बघायला लागलो की त्यातून नवी वतनदारी जन्मते, आणि अशा वेळी आतून बोट दाखवणाऱ्याला पाठीशी घालणारा नेता फार क्वचित मिळतो.

मॅडम, पुढच्या बैठकीसाठी जमलं तर आयोगाच्या अहवालातल्या साक्षी मिळवून बघा. रयतेच्या, सावकारांच्या, पाहणाऱ्यांच्या सगळ्यांच्या आहेत. वाचताना एका बाजूला लिहीत जा की प्रश्न कुणी विचारला आणि काय विचारलं नाही.

---

माळावरची शाळा

नक्की. मग मी दोन बैठका करते. पहिलीत करड्याचा बहिष्कार आणि साक्षी, दुसरीत महाड. पहिल्या बैठकीत आगीपाशी लगेच जायचं नाही असं ठरवलं आहे. सावकाराचं घर हे न्हाव्याचं आणि परटाचं बांधलेलं गिऱ्हाईक होतं, आणि जमीन वाचली तर ती वाचणार होती देशमुखाची आणि कुणब्याची, त्यांची नाही. तरी त्यांनी सावकाराचं काम थांबवलं. गावाच्या दबावाने थांबले की स्वतःच्या मर्जीने, आणि नंतर गावाने त्यांचं बलुतं वाढवलं का, हे गटाला विचारून बघते. इथे कुणाकडे बलुतेदारांच्या बाजूने लिहिलेलं काही असेल तर कृपया कळवा.